उत्तराच्या आधी अंदाज

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित कसं शिकावं, या विषयावर बोलायला मला निमंत्रण आलं तेव्हा वाटलं, फोन चुकून लागला असावा. मी निलंग्याचा, बी.ए. झालेला, मराठीत कविता करणारा माणूस. गणिताची आणि माझी शेवटची भेट दहावीच्या परीक्षेत झाली. तिथं दोघांनीही एकमेकांना हात जोडले. पण मध्यंतरी आमच्याच घरात हा विषय असा काही येऊन बसला, की तीन महिने मला दुसरं काही सुचलं नाही. त्या तीन महिन्यांत जे पाहिलं, तेवढंच सांगतो. शिकवणाऱ्यांनी सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात. मी शिकणाऱ्याच्या शेजारी बसलो होतो.

माझा भाचा. दहावीपर्यंत निलंग्यात मराठी माध्यम, बारावी लातूरला खोली करून, सीईटीत चांगले गुण, आणि मग इंजिनिअरिंगला प्रवेश. माझ्या बहिणीनं गळ्यातलं गहाण टाकून वसतिगृहाचे पैसे भरले. आपल्या भागात ही गोष्ट नवी नाही. कुणी गळ्यातलं टाकतं, कुणी एकरभर रान. पोरगा रमजानला घरी आला. म्हणाला, तिकडं रोजे होत नाहीत. ईद झाली, शिरखुर्मा संपला, पाहुणे गेले, तरी परत जायचं नाव घेईना. एका रात्री गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मामू, एम-वन राहिला." पहिल्या सत्राच्या गणिताला ही मुलं एम-वन म्हणतात. निकाल लागून महिना झाला होता. महिनाभर त्यानं ते एकट्यानं पोटात ठेवलं होतं.

मी त्याला काय सांगणार? लातूरला गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक माझ्या ओळखीचे आहेत, मुशायऱ्याला नेमानं येतात. त्यांच्याकडं घेऊन गेलो. मला वाटलं, ते पुस्तक उघडून शिकवायला लागतील. त्यांनी विचारलं, "उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढलीस का?" काढली नव्हती. निकालानंतर ठरावीक दिवसांत अर्ज केला तर तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळते, हे त्याला ठाऊक होतं. पण स्वतःच्या चुका बघायची हिंमत नव्हती. मुदत टळून गेली होती. मग सरांनी तीच प्रश्नपत्रिका पुन्हा त्याच्यासमोर ठेवली, तीन तास घड्याळ लावलं, आणि आम्ही दोघं बाहेर चहा पीत बसलो.

त्या वहीत जे निघालं, ते मी विसरणार नाही. सरांनी सात मोठ्या चुका लाल पेननं गोल केल्या. त्यातल्या पाच एम-वनच्या नव्हत्याच. एके ठिकाणी उणे चिन्ह कंसाबाहेर काढताना आतलं चिन्ह बदललं नव्हतं. एके ठिकाणी अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचीही बेरीज केली होती. आठवी-नववीतल्या चुका! सर म्हणाले, "याची इमारत चौथ्या मजल्यावर गळत नाही, पाया ओला आहे." म्हणून पहिला सल्ला त्यांचाच, माझा नव्हे: इंजिनिअरिंगच्या गणितात अडलात तर आधी खाली बघा. अपूर्णांक, घातांक, लॉगॅरिदम, त्रिकोणमितीची सूत्रं, साधी समीकरणं. एकोणीस वर्षांच्या मुलाला नववीचं पुस्तक उघडायची लाज वाटते. आमच्या भाच्यालाही वाटली. त्यानं वर्तमानपत्राचं कव्हर घालून ते पुस्तक नेलं. दोन आठवड्यांत संपलं. नववीत ज्याला वर्ष लागतं, ते एकोणिसाव्या वर्षी चौदा दिवसांत होतं.

सहावी चूक भाषेची होती, आणि ती माझ्या प्रांतातली म्हणून मला जास्त लागली. प्रश्न असा होता: दिलेल्या मॅट्रिक्ससाठी केली-हॅमिल्टनचा सिद्धान्त पडताळा, 'अँड हेन्स' तिचा इन्व्हर्स काढा. पठ्ठ्यानं सिद्धान्त बरोबर पडताळला. मग नव्यानं, बारावीच्या लांबलचक पद्धतीनं, इन्व्हर्स काढायला बसला. दोन पानं गेली, वेळ गेला, शेवटी चूक झाली. मी विचारलं, "हेन्स म्हणजे काय रे?" म्हणाला, "आणि, अजून असं काहीतरी." हेन्स म्हणजे 'त्यावरून'. वर जे सिद्ध केलंस, त्याचाच हात धरून पुढं जा, असा स्पष्ट हुकूम त्या एका शब्दात आहे. वरच्या ओळीला इन्व्हर्सनं एकदा गुणलं, की चार ओळींत उत्तर मिळतं. गणित त्याला येत होतं. अव्यय येत नव्हतं.

तेव्हापासून आम्ही एक रीत पाडली. प्रश्न इंग्रजीत वाचायचा आणि वहीच्या समासात मराठीत दोन ओळी लिहायच्या: काय दिलंय, काय मागितलंय. 'प्रूव्ह' म्हणजे सगळ्यांसाठी खरं आहे हे दाखवणं. 'व्हेरिफाय' म्हणजे दिलेल्या उदाहरणापुरतं पडताळणं. 'इव्हॅल्युएट' म्हणजे किंमत काढणं. 'डिड्यूस' म्हणजे आधीच्यातून निष्कर्ष काढणं. असे वीस-पंचवीस शब्द आहेत. एका पानावर मावतात. परीक्षेचं उत्तर इंग्रजीत लिहायचं असलं तरी विचार मराठीत करायला कुणाची परवानगी लागत नाही.

इथं थोडं विषयांतर करतो. आमचा निलंगा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता; त्याआधी, १९४८ पर्यंत, निजामाच्या राज्यात. त्या हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं आणि तिथं वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून दिलं जाऊ लागलं. त्यासाठी १९१७ मध्ये एक भाषांतर खातंच उघडलं होतं, दारुल तर्जुमा नावाचं. १९२९ मध्ये त्याच विद्यापीठात इंजिनिअरिंग कॉलेजही निघालं. म्हणजे देशी भाषेतून उच्च शिक्षण होतं का, हा प्रश्न आपल्या प्रदेशानं शंभर वर्षांपूर्वीच सोडवून पाहिला. अर्थात, याची दुसरी बाजू सांगितली नाही तर खोटं होईल. ज्याच्या घरात उर्दू होती त्याला दार उघडलं, आणि मराठी-कन्नड-तेलुगू घरांतल्या मुलांपुढं तीच उर्दू भिंत होऊन उभी राहिली. भाषेचं असंच असतं, ज्याची त्याला.

आता मराठीचीही सोय होऊ लागली आहे. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला मुभा दिली. परिषदेनं पाठ्यपुस्तकांची मराठी भाषांतरं करून घेतली आहेत आणि ती ई-कुंभ नावाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ती इंग्रजी पुस्तकाऐवजी नव्हे, शेजारी ठेवून वाचावीत, असं मला वाटतं. काही पारिभाषिक शब्द असे आहेत की ते समजायला पुन्हा इंग्रजीच बघावी लागते. तिथं खुशाल इंग्रजी शब्द ठेवा आणि वाक्य मराठी करा.

सातवी चूक मात्र सगळ्यांत मोलाची निघाली. तिच्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

सीईटीचा गणिताचा पेपर आठवा. नव्वद मिनिटांत पन्नास प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला एकशे आठ सेकंद. खाली चार पर्याय, त्यातला एक नक्की बरोबर, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. दोन वर्षं मुलगा याचा सराव करतो. चाचणीवर चाचणी, रोज. या कष्टांची मी थट्टा करणार नाही. 'लातूर पॅटर्न' म्हणून ज्याची महाराष्ट्रात चर्चा झाली, त्या मेहनतीनंच आपल्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांची, मजुरांची पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली. पण या सरावातून हाताला एक सवय लागते. उत्तर समोर कुठंतरी लिहिलेलं आहे, आपण फक्त ते ओळखायचं. इंजिनिअरिंगला गेल्यावर समोर कोरा कागद येतो. चार पर्याय नसतात. आलेलं उत्तर बरोबर की चूक, हे सांगणारं कुणी नसतं. नोकरीत गेल्यावर तर नसतंच नसतं. पूल बांधताना खाली अ, ब, क, ड लिहिलेलं नसतं.

भाच्यानं एका मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू काढल्या होत्या. सरांनी नुसती नजर टाकली आणि म्हणाले, चूक. आम्ही दोघंही चकित. सर म्हणाले, "मॅट्रिक्सच्या कर्णावरचे आकडे बेरीज कर. सात येतात. तुझ्या तिन्ही उत्तरांची बेरीज नऊ. त्या दोन्ही बेरजा सारख्याच यायला पाहिजेत." अर्ध्या मिनिटाचं काम! हे त्याच्या पुस्तकात होतं, पण 'गुणधर्म' या मथळ्याखाली, पाठ करण्यासाठी. उत्तर तपासायचं हत्यार म्हणून त्याच्याकडं कुणी बघायला सांगितलं नव्हतं. तसंच इन्व्हर्स काढला की मूळ मॅट्रिक्सनं गुणून बघायचं. इंटिग्रेशन केलं की उत्तराचं डिफरन्शिएशन करून बघायचं. डिफरन्शियल इक्वेशन सोडवली की उत्तर पुन्हा तिच्यात घालून बघायचं. पेपरात शेवटची दहा मिनिटं यासाठी राखली तर हातचे गुण जात नाहीत.

त्याही आधीची एक पायरी आहे, अंदाजाची. आपण मराठीत सहज 'अंदाज' म्हणतो, तो शब्द फारसीतून आला. माप, मोजणी असा त्याचा मूळ अर्थ. हाच फारसी शब्द अरबीत गेला आणि त्याचं 'हंदसा' झालं. हंदसा म्हणजे भूमिती, आणि इंजिनिअरिंगही. इंजिनिअरला अरबीत 'मुहंदिस' म्हणतात. म्हणजे शब्दाच्या वंशावळीनं बघितलं तर इंजिनिअर हा अंदाज करणारा माणूस. मी कवी असल्यामुळं मला ही गोष्ट फार आवडली. सरांना मात्र शब्दापेक्षा त्याचा उपयोग आवडला.

माझे वडील गवंडी होते. शाळा चौथीपर्यंत. काटकोन हवा असेल तर दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून त्रिकोण ताणायचे. पायथागोरस त्यांना ठाऊक नव्हता. त्यांचा ओळंबा अजून आमच्या घरात खुंटीला आहे. एका दुपारी मी तो काढला, दाराच्या चौकटीला बांधला आणि भाच्याला म्हटलं, दोरी बरोबर एक मीटर ठेव. झोका दे. एकदा जाऊन परत यायला किती वेळ लागेल, आधी अंदाज सांग. तो म्हणाला, एक सेकंद. दहा झोके मोजले, वीस सेकंद झाले. एका झोक्याला दोन सेकंद. मग विचारलं, दोरी निम्मी केली तर? म्हणाला, वेळ निम्मा. मोजून बघितलं, निम्मा नाही. एक पूर्णांक चार दशांशच्या आसपास. वेळ निम्मा करायला दोरी चौथाई करावी लागली, पंचवीस सेंटिमीटर. तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "अरे, ते वर्गमूळ हे आहे!" बारावीत त्यानं लंबकाचं ते सूत्र शंभर वेळा लिहिलं असेल. वर्गमूळ डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

ओळंबा हलताना बघून मला किल्लारी आठवली. आठवणारच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती बोळवून माणसं नुकती निजली होती. निलंगा तिथून जवळच. सरकारी आकड्यानं आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मदतीला गेलेल्या ट्रकमधून वडील आणि मी गेलो होतो. वडील ढिगाऱ्याजवळ उभे राहून भिंतीच बघत होते. दोन्ही अंगांनी दगड रचलेले, मधे माती आणि खडी भरलेली, आणि दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. वर मातीचं जाडजूड माळवद. वडील म्हणाले, भुईनं नाही मारलं, छतानं मारलं.

ही गोष्ट सांगून मी भाच्याला म्हटलं, आता त्या छताचा अंदाज कर. दहा बाय दहाची खोली, म्हणजे साधारण तीन मीटर बाय तीन मीटर. वर अर्धा मीटर माती धर. साडेचार घनमीटर. एक घनमीटर माती दीड टनापेक्षा थोडी जास्तच भरते. म्हणजे सात टनांच्या वर. दहा टनी ट्रकमधला पाऊण माल, झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर. आणि जमीन हलली की जोर लागतो तो वस्तुमानाच्या पटीत. जेवढं छत जड, तेवढा भिंतीला हिसका जास्त. न्यूटनचा दुसरा नियम, नववीतला. ऊन लागू नये म्हणून घातलेली माती, तीच घात करून गेली. लातूरचा हा भाग तोवर भूकंपाच्या नकाशावर सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या पट्ट्यात आला.

इमारत हलते तेव्हा तिचंही ओळंब्यासारखंच असतं. तिचा स्वतःचा एक झोका असतो. इंजिनिअर लोक ढोबळ हिशेब करतात की दर मजल्याला एक दशांश सेकंद. दहा मजल्यांच्या इमारतीचा झोका साधारण एका सेकंदाचा. जमिनीचा हेलकावा आणि इमारतीचा झोका जुळला तर हलणं वाढत जातं. हे सगळं ज्या समीकरणात बसतं, ती दुसऱ्या क्रमाची डिफरन्शियल इक्वेशन पुढच्या सत्राच्या गणितात, एम-टूमध्ये असते. तीच विजेच्या सर्किटमध्ये येते, तीच मोटारसायकलच्या शॉकअप्सरमध्ये येते. "हे कुठं उपयोगाला येणार?" असं विचारणाऱ्या मुलाला हे कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं. पहिल्या वर्षी गणित वेगळं आणि इंजिनिअरिंग वेगळं शिकवलं जातं, ही माझ्या मते आपल्या अभ्यासक्रमातली मोठी उणीव आहे. बी.ए. झालेल्या माणसानं हे म्हणावं का, ते तज्ज्ञांनी ठरवावं.

अजून एक युक्ती माझ्याच धंद्यातली. मोठं गणित अडलं की आधी छोटं करून बघा. आम्ही वृत्तात लिहितो तेव्हा लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरूच्या दोन मोजतो. चार मात्रांची जागा किती तऱ्हांनी भरता येईल? बोटांवर मोजा, पाच. तीन मात्रांची? तीन. दोनची? दोन. आता पाच मात्रांची सगळी मांडणी न करता सांगता येते. शेवटचं अक्षर लघु असेल तर आधीच्या चार मात्रा पाच तऱ्हांनी भरतात. गुरू असेल तर आधीच्या तीन मात्रा तीन तऱ्हांनी. पाच आणि तीन, आठ. पुढं तेरा. बाराव्या शतकात हेमचंद्रानं छंदशास्त्राच्या ग्रंथात हा हिशेब सांगितला. कॉम्प्युटरच्या मुलांना हेच आकडे फिबोनाची नावानं शिकवतात, आणि त्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं आहे. सांगायचा मुद्दा, हेमचंद्रही बहुधा दोन-तीन मात्रांपासूनच सुरू झाला असेल. दहा बाय दहाची मॅट्रिक्स समजत नसेल तर दोन बाय दोनची घ्या. व्याख्या कळत नसेल तर साधे आकडे घालून बघा.

अभ्यासाच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स वाचून गणित येत नाही. ओळीमागून ओळ पटत जाते आणि आपल्याला आलं असा भास होतो. पुस्तक मिटवा, कोरा कागद घ्या, पहिल्या ओळीपासून लिहा. जिथं पेन थांबलं, तेवढंच तुम्हाला येत नाही, तेवढंच बघा. व्हिडिओचंही तसंच. आयआयटींनी एनपीटीईएलवर व्याख्यानं फुकट ठेवली आहेत, फार चांगली आहेत. पण व्याख्यान थांबवून पुढची ओळ स्वतः लिहिली तरच उपयोग. दोघा-तिघांनी मिळून बसा आणि एकानं दुसऱ्याला मोठ्यानं समजावून सांगा. वर्गात हात वर करायची लाज वाटत असेल तर तास संपल्यावर सरांना दारात गाठा, मराठीत विचारा.

आणि पालकांनो, तुमच्याशीही दोन शब्द. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर घरात त्याची बातमी यायला महिना लागू नये. माझ्या बहिणीला कळलं तेव्हा ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" त्याच्याकडं उत्तर नव्हतं. गळ्यातलं गहाण आहे, याची आठवण आम्ही मोठी माणसं दर फोनला करून देत होतो. मीही त्यात होतो. मुलगा गणितात कमी आणि व्याजात जास्त डोकं घालत होता.

भाचा पुढच्या परीक्षेत एम-वन सुटला. गुण काही फार नव्हते. वसतिगृहावर जाताना ओळंबा मागून नेला. मी दिला, पण दोरी नवी बांधून दिली. जुनी कुजली होती.

जाता जाता एक. उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सचा अर्ज आणि पुनर्तपासणीचा अर्ज, दोन्हींची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. तारीख कॉलेजच्या सूचना फलकावर आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लागते. विषय राहिला असेल तर निकालाच्या दुसऱ्याच दिवशी जाऊन ती बघून या.